दोन रेघांत धड, तीनांत हात, चारांत पाय : ‘स्लीपिंग ब्यूटी’च्या नृत्यलेखनाचे प्रकरण

सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की थिएटरात ३ जानेवारी १८९० रोजी, म्हणजे आजच्या पंचांगाप्रमाणे १५ जानेवारीला, ‘स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. संगीत चायकोव्हस्कीचे होते, कथेची मांडणी आणि पोशाखांची रेखाटने शाही नाट्यगृहांचा संचालक इव्हान व्सेवोलोझ्स्की याची होती, आणि नृत्यरचना मारियस पेतिपाची. संगीताची संहिता आज कुणालाही मिळते, पोशाखांची रेखाटने जपलेली आहेत, नेपथ्य कसे होते तेही कळते. नृत्यरचनेचे मात्र त्या रात्रीचे कसलेच सलग लेखन नाही. तरीही गेली सव्वाशेहून अधिक वर्षे जगभरच्या कार्यक्रमपत्रिकांवर ‘नृत्यरचना : मारियस पेतिपा’ अशी ओळ छापली जाते. त्या ओळीमागे कोणते कागद आहेत, ते कोणी लिहिले, कसे वाचले, आणि त्यांवरून आज पेतिपाविषयी नेमके काय म्हणता येते, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

हा प्रश्न एकट्या ‘स्लीपिंग ब्यूटी’चा नाही. नृत्य हे शिकवणाऱ्याच्या अंगातून शिकणाऱ्याच्या अंगात उतरते, आणि एकोणिसाव्या शतकातील बहुतेक बॅले त्या वाटेवर कुठेतरी हरवले. गुरुमुखी विद्या म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. मधली एखादी पिढी तुटली की काय होते, तेही आपण पाहिलेले आहे. ‘स्लीपिंग ब्यूटी’ हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की येथे साखळीची जवळजवळ प्रत्येक कडी नावानिशी माहीत आहे, आणि त्यामुळे कोणत्या कडीवर काय टिकले व काय निसटले हे बारकाईने तपासता येते.

पेतिपाची कामाची रीत

पेतिपाचा जन्म १८१८ साली मार्सेय येथे झाला. १८४७ मध्ये तो नर्तक म्हणून सेंट पीटर्सबर्गला आला आणि त्याचे उरलेले आयुष्य रशियातच गेले. ‘स्लीपिंग ब्यूटी’ हाती घेतली तेव्हा त्याने सत्तरी ओलांडलेली होती. समूहाच्या आकृत्या तो घरी बसून आखत असे. टेबलावर लहान लहान बाहुल्या मांडायच्या, बुद्धिबळातल्या सोंगट्यांप्रमाणे त्या पुढे-मागे सरकवून पाहायच्या, आणि मनासारखी आकृती जमली की खुणांनी ती कागदावर उतरवून घ्यायची, अशी त्याची पद्धत होती. हे कागद मुख्यतः त्याच्या स्वतःच्या आठवणीसाठी होते. त्यांत माणसे कुठे उभी आहेत हे कळते, ती पायांनी काय करत आहेत हे कळत नाही.

संगीताच्या बाबतीत मात्र तो विलक्षण काटेकोर होता. चायकोव्हस्कीला त्याने प्रसंगागणिक लेखी सूचना दिल्या: कोणती लय, किती मात्रांचा ताल, किती आवर्तने, कोणत्या क्षणी शांतता. टकळी टोचून शंभर वर्षे झोपी जाण्याचा शाप मिळालेली कथेची नायिका, राजकन्या ऑरोरा, हिच्या हाती एका म्हातारीकडून ती टकळी येते त्या प्रसंगाची सूचना वाचण्यासारखी आहे. म्हातारी टकळीने ताल धरते तो दोन मात्रांचा, ऑरोरा ती टकळी घेऊन आनंदाने नाचू लागते तेव्हा ताल हळूहळू तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये बदलावा, मग अचानक थांबावे, वेदना, रक्त, आणि त्यानंतर विषारी कोळी चावल्यासारखी बेभान धावपळ, जिला आता नाच म्हणता येणार नाही, आणि जी चोवीस ते बत्तीस आवर्तनांपेक्षा लांबू नये. ही सूचना आणि चायकोव्हस्कीने प्रत्यक्ष लिहिलेले संगीत शेजारी ठेवून पाहिले की पेतिपाच्या विचाराचा सांगाडा संगीतातच बसवलेला आहे हे ध्यानात येते. नृत्यरचनाकाराचे काम केवळ पावले जुळवण्याचे असते असा समज असेल, तर तो या एका पानावर गळून पडतो. पावले हरवली तरी प्रसंगाची लांबी, त्याचे चढ-उतार, कुठे थबकायचे आणि कुठे सुटायचे, हे सारे संगीताच्या संहितेत सुरक्षित राहिले. या प्रकरणातील पहिला आणि सर्वांत मजबूत पुरावा हाच आहे, आणि बॅलेच्या चर्चेत तो फार कमी वेळा पुरावा म्हणून मांडला जातो.

एकल नृत्यांची गोष्ट वेगळी. ती समोरच्या नर्तिकेला पाहून बसवली जात. पहिली ऑरोरा होती कार्लोत्ता ब्रियान्झा, इटालियन शिक्षणातून आलेली, पायांच्या टोकांवर विलक्षण भक्कम. पहिल्या अंकातील ‘रोझ अदाजिओ’ या प्रसिद्ध भागात ऑरोरा एका पायाच्या टोकावर उभी राहते, दुसरा पाय मागे वाकवून उचललेला, आणि चार राजपुत्र एकामागून एक येऊन तिचा हात धरतात व सोडतात. एकाचा हात सुटून दुसऱ्याचा हात येईपर्यंतचे ते दोन-तीन क्षण ती कुणाच्याही आधाराशिवाय तोललेली असते. हार्पच्या झंकारांनी सुरू होणारे ते संगीत अखेरीस सगळ्या वाद्यवृंदाचे होते आणि तरीही रंगमंचावर पाहायचे असते ते एका घोट्याचे न हलणे. ब्रियान्झाच्या घोट्यात ती ताकद नसती तर पेतिपाने हा भाग असाच बसवला असता का, हा प्रश्न रास्त आहे. नृत्यरचनेत नर्तकाचा वाटा किती असतो, हे ठरवण्याची अडचण येथूनच सुरू होते.

स्तेपानोव्हची लिपी

त्याच नाट्यगृहातील व्लादिमीर स्तेपानोव्ह या तरुण नर्तकाला शरीरशास्त्राचा नाद होता. त्याने त्याचा रीतसर अभ्यास केला आणि १८९२ मध्ये पॅरिसमध्ये मानवी हालचालींच्या मुळाक्षरांवरचे आपले पुस्तक फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केले. त्याची कल्पना साधी होती. नर्तकांना संगीताचे लेखन वाचता येतेच, तर हालचाल त्याच चिन्हांनी लिहावी. पानावर नऊ रेघा आखायच्या. वरच्या दोन रेघांत मान आणि धड, मधल्या तीनांत हात, खालच्या चारांत पाय. चिन्हाच्या आकारावरून हालचालीचा काळ कळतो, रेघेवरील जागेवरून अवयवाची दिशा व उंची, आणि चिन्हाला जोडलेल्या बारीक खुणांवरून सांध्याचे वाकणे व वळणे. रंगमंचावरची वाट शेजारी आराखड्याने दाखवायची. शाही नृत्यशाळेत ही लिपी शिकवली जाऊ लागली, पण स्तेपानोव्ह १८९६ मध्ये, तिशी गाठण्याआधीच, वारला. त्याच्यामागे अलेक्सांद्र गोर्स्कीने हे काम उचलले, आणि १८९९ मध्ये याच लिपीच्या आधाराने मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात ‘स्लीपिंग ब्यूटी’ उभी केली. एका शहरातला बॅले कागदावरून दुसऱ्या शहरात उभा राहू शकतो हे त्याने सिद्ध केले.

गोर्स्की मॉस्कोला गेल्यावर पीटर्सबर्गमधले लेखन निकोलाय सर्गेयेव्ह आणि त्याच्या साहाय्यकांकडे आले. ‘स्लीपिंग ब्यूटी’ची जी वही आज आपल्याजवळ आहे ती साधारण १९०३च्या सुमाराची मानली जाते. हे साल लक्षात ठेवावे लागते. पहिल्या प्रयोगाला तेव्हा तेरा वर्षे झाली होती, ब्रियान्झा केव्हाच निघून गेली होती, ऑरोराची भूमिका दुसऱ्या नर्तिका करत होत्या, आणि पेतिपा स्वतः त्याच वर्षी एका अयशस्वी बॅलेनंतर नाट्यगृहाच्या कारभारातून बाजूला सारला जात होता. म्हणजे वहीत जे आहे ते १९०३च्या सुमारास रंगमंचावर जे दिसत होते त्याचे लेखन आहे. ते १८९०च्या अगदी जवळचे असणार यात शंका नाही, कारण त्या काळात रचनाकार जिवंत होता आणि नाट्यगृहात होता. तरीही ‘जवळचे’ आणि ‘तेच’ यांत अंतर आहे.

या वहीचे पान पाहिले की दुसरी गोष्ट नजरेत भरते. बहुतेक ठिकाणी खालच्या चार रेघा, म्हणजे पाय, नीट भरलेले आहेत. रंगमंचावरच्या वाटा आहेत. मूकाभिनयाचे संवाद आहेत, पण ते चिन्हांनी नव्हे, रशियन भाषेत शब्दांनी लिहिलेले. हातांच्या तीन रेघा आणि धडाच्या दोन रेघा पुष्कळ पानांवर कोऱ्याच राहिल्या आहेत. याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. तालमीच्या दालनात कोपऱ्यात बसून भराभर लिहिणारा माणूस हे स्वतःच्या नाट्यगृहासाठी लिहीत होता. हात कसे वाहावेत, मान कुठे झुकावी, हे त्या शाळेतून आलेल्या प्रत्येक मुलीला ठाऊक होते. ते लिहिण्याची गरज त्याला वाटली नसावी. ज्याला सगळे माहीत आहे त्याच्या आठवणीसाठी केलेली ही टिपणे आहेत. शंभर वर्षांनी, त्या शाळेचे वारेही न लागलेल्या माणसांनी ती वाचावीत, हा हेतू लिहिणाऱ्याच्या मनात असणे शक्य नव्हते.

वह्या घेऊन निघालेला तालीम मास्तर

सर्गेयेव्ह पुढे मारिइन्स्कीचा रेजिस्सर झाला. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांच्या भाषेत सांगायचे तर तो तालीम मास्तर होता: प्रयोग जसाच्या तसा उभा राहील हे पाहणारा, जुन्या भूमिकांत नवी माणसे बसवणारा, शिस्तीचा कडक. नर्तकांत तो लोकप्रिय नव्हता. १९१७च्या क्रांतीनंतर, १९१८ मध्ये, त्याने रशिया सोडला तेव्हा सुमारे दोन डझन बॅलेंच्या वह्या त्याच्या सामानात होत्या. त्या नाट्यगृहाच्या होत्या की त्याच्या, हा वाद घालता येईल. पण पश्चिम युरोपात जे रशियन बॅले पुढे रुजले ते या सामानातून आले, ही वस्तुस्थिती आहे.

पहिला मोठा प्रयोग लंडनमध्ये झाला. रशियन बॅले पश्चिम युरोपात नेणारा निर्माता सर्गेई द्यागिलेव्ह याने २ नोव्हेंबर १९२१ रोजी अल्हाम्ब्रा थिएटरात ‘द स्लीपिंग प्रिन्सेस’ या नावाने हा बॅले आणला. नेपथ्य व पोशाख लेऑन बाक्स्तचे, काही भागांचे वाद्यवृंदलेखन स्त्राविन्स्कीचे, पहिल्या रात्रीची ऑरोरा ओल्गा स्पेसिव्त्सेवा. मूळ रचना सर्गेयेव्हने वह्यांवरून शिकवली, आणि ब्रोनिस्लावा निजिन्स्काने काही नवीन नृत्ये घातली. ‘तीन इव्हान’ हे रशियन ढंगाचे धडाडीचे नृत्य तिचेच. या प्रयोगातली एक गोष्ट मला फार हृद्य वाटते. दुष्ट परी काराबॉसची भूमिका कार्लोत्ता ब्रियान्झाने केली. एकतीस वर्षांपूर्वीची पहिली ऑरोरा आता टकळीचा शाप देत होती आणि समोर दुसरी एक नर्तिका तिचीच पावले टाकत होती. जानेवारी १९२२ मध्ये एन्रिको चेकेत्तीनेही, जो १८९० मध्ये पहिला काराबॉस होता, आपल्या रंगभूमीवरील कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवासाठी ही भूमिका पुन्हा एकदा केली. वही आणि माणूस हे दोन्ही पुरावे एकाच रंगमंचावर हजर असण्याचा असा योग नंतर आला नाही. प्रयोग शंभराहून अधिक झाले, पण खर्च इतका अवाढव्य होता की तो भरून निघाला नाही. फेब्रुवारी १९२२ मध्ये प्रयोग थांबले आणि नेपथ्य व पोशाख देणेकऱ्याच्या ताब्यात राहिले.

१९३०च्या दशकात निनेट द व्हालोआ या जिद्दीच्या बाई लंडनमध्ये इंग्लिश बॅलेचा पाया घालत होत्या. नवीन मंडळीला उभे राहायचे तर जुने, कसाला उतरलेले बॅले हवेत, हे त्यांनी ओळखले आणि सर्गेयेव्हला बोलावले. ‘कोपेलिया’, ‘जिझेल’, ‘नटक्रॅकर’, ‘स्वान लेक’ आणि २ फेब्रुवारी १९३९ रोजी मार्गो फाँटेनला घेऊन ‘द स्लीपिंग प्रिन्सेस’, असे एकेक बॅले त्याने वह्यांवरून बसवले. बाईंनी आपल्या आठवणींत सांगितलेला एक प्रसंग या प्रकरणासाठी मोलाचा आहे. सर्गेयेव्हला संगीताची जाण जवळजवळ नव्हतीच. तो खिशात निळी पेन्सिल बाळगे आणि एखादे आवर्तन त्याला नकोसे झाले की संहितेत त्यावर मोठी निळी फुली मारे. मग बाई संगीत दिग्दर्शक कॉन्स्टंट लँबर्टला फोन करत, आणि तो जेवणाच्या सुट्टीत येऊन ते आवर्तन पुन्हा जागेवर ठेवून जाई.

ही गंमत म्हणून वाचली जाते. तिचा अर्थ गंभीर आहे. पेतिपाच्या रचनेचा सर्वांत भक्कम पुरावा संगीतात आहे असे वर म्हटले. आणि ज्या माणसाच्या हाती पावलांचा पुरावा होता त्याला संगीताची जाण नव्हती. दोन्ही पुरावे एकत्र ठेवण्याचे काम सर्गेयेव्हच्या नव्हे, तर त्याच्या भोवतालच्या माणसांच्या कष्टाने झाले. तरीही सर्गेयेव्हबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. कलावंत म्हणून तो सामान्य असेल, पण देशोदेशी, भाडेकरूच्या खोल्यांतून, तीन दशके त्याने त्या वह्या सांभाळल्या. त्याच्याहून प्रतिभावान कितीतरी माणसांनी एवढी चिकाटी दाखवली नाही.

२० फेब्रुवारी १९४६ रोजी लंडनचे रॉयल ऑपेरा हाउस युद्धानंतर पुन्हा उघडले ते ‘स्लीपिंग ब्यूटी’नेच. युद्धकाळात ही इमारत सार्वजनिक नृत्यगृह म्हणून वापरली जात होती. ऑरोरा फाँटेन होती, नेपथ्य ऑलिव्हर मेसेलचे, आणि काही नृत्ये फ्रेडरिक अॅश्टनने नव्याने रचली, पहिल्या अंकातील फुलांच्या माळांचा वॉल्ट्झ त्यांत आला. म्हणजे पेतिपाचे नाव घेऊन जगभर गेलेल्या या प्रयोगातही काही भाग दुसऱ्या रचनाकाराचे होते. मूकाभिनयाचे प्रसंग मात्र इंग्रजांनी जपले. रशियात नेमके उलट झाले. तेथे पिढी तुटली नाही, शाळा तीच राहिली, नर्तक तेच शिक्षण घेत राहिले. पण फ्योदोर लोपुखोव्हने १९२०च्या दशकात आणि कॉन्स्टंटिन सर्गेयेव्हने १९५२ मध्ये (या दोघा सर्गेयेव्हांचे नाते नव्हते) बॅलेला नवे रूप दिले. मूकाभिनय आटला, नृत्य वाढले. आज शाप सौम्य करणाऱ्या लायलॅक परीचे म्हणून जे एकल नृत्य अनेक ठिकाणी पेतिपाच्या नावावर नाचले जाते, ते लोपुखोव्हचे आहे. घरात राहिलेली परंपरा बदलत गेली आणि परदेशी गेलेल्या वह्यांनी जुने काही टिकवले, हा या प्रकरणातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे.

सर्गेयेव्ह १९५१ मध्ये फ्रान्समधील नीस येथे वारला. वह्या त्याच्या अखेरच्या काळातील सहकारी नर्तिका मोना इंगल्सबी हिच्याकडे आल्या आणि तिच्याकडून १९६९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या नाट्यसंग्रहात गेल्या. त्यानंतर बरीच वर्षे त्या थोड्या अभ्यासकांखेरीज कुणी उघडल्या नाहीत.

दोन पुनर्रचना

मारिइन्स्कीचे नर्तक सर्गेई विखारेव्ह यांनी हार्वर्डच्या या पानांवरून १८९०च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ची पुनर्रचना केली आणि ३० एप्रिल १९९९ रोजी तिचा पहिला प्रयोग त्याच मारिइन्स्की थिएटरात झाला. व्सेवोलोझ्स्कीच्या रेखाटनांवरून पोशाख शिवले गेले, पहिल्या प्रयोगाच्या चित्रांवरून पडदे रंगवले गेले, मूकाभिनय परत आला, वॉल्ट्झमध्ये मुलांसकट मोठा समूह परत आला. प्रयोग चार तासांच्या जवळ गेला. नाट्यगृहातल्या अनेक ज्येष्ठांना तो रुचला नाही. १९५२ची आवृत्ती नाचत आणि शिकवत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या दृष्टीने खरी परंपरा त्यांच्या अंगात होती, आणि आता अमेरिकेतून आलेली काही पिवळी पाने त्यांना चुकीचे ठरवत होती. हा राग समजण्यासारखा आहे, आणि माझ्या मते तो निव्वळ हट्ट नव्हता. कोऱ्या राहिलेल्या हातांच्या रेघा शेवटी याच लोकांच्या शिक्षणाने भरल्या गेल्या.

नेमकी तीच या पुनर्रचनेची मर्यादा ठरली. पावले १९०३ची होती, शरीरे १९९९ची. पाय कानापर्यंत उचलण्याची सवय असलेल्या नर्तिकांनी जुनी पावले नव्या शैलीत नाचली. संगीताचा वेग त्यामुळे अनेकदा मंदावला, कारण पाय वर जायला आणि तिथे दिसायला वेळ लागतो. जुन्या दरबारी रचनेत आधुनिक उंचीचे पाय, हा विसंवाद अनेक जाणकारांनी दाखवून दिला.

अलेक्सेई रात्मान्स्की यांनी हा धागा पुढे नेला. बोल्शोई बॅलेचे प्रमुख राहिलेले रात्मान्स्की नंतर अमेरिकन बॅले थिएटरसाठी काम करत होते. पत्नी तात्याना यांच्यासह ते स्तेपानोव्हची लिपी वाचायला शिकले; या लिपीचे जाणकार, अमेरिकन अभ्यासक डग फुलिंग्टन यांची त्यांना मदत झाली. त्यांची ‘स्लीपिंग ब्यूटी’ मार्च २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे रंगमंचावर आली, आणि बाक्स्तच्या १९२१च्या नेपथ्याचा आधार तिने घेतला. त्यांनी पावलांइतकाच आग्रह शैलीचा धरला. पाय खाली ठेवायचा. घोट्याशी किंवा पोटरीशी आणायचा तो पाय गुडघ्यापर्यंत नेऊन सजवायचा नाही. ज्या गिरक्या जुन्या काळी चवड्यावर घेतल्या जात त्या बोटांच्या टोकांवर नेऊन अवघड करायच्या नाहीत. संगीत मूळ वेगाने जाऊ द्यायचे.

हे सोपे वाटते, पण तालमीच्या दालनात ते अतिशय कठीण असते. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून ज्या मुलीला पाय आणखी वर, आणखी वर असे सांगितले गेले, तिला आता तो कमरेखाली थांबवायचा असतो, आणि तो थकल्यासारखा दिसू नये म्हणून सारा डौल धड आणि मानेतून आणायचा असतो. पाय खाली आला की पावलांना वेळ मिळतो. दोन उड्यांच्या मधली ती छोटीशी जोडपावले, जी एरवी घाईत पुसट होतात, ती स्पष्ट दिसू लागतात, आणि चायकोव्हस्कीच्या संगीतातल्या बासऱ्यांचे बारीक स्वर पायांवर ऐकू येऊ लागतात. पेतिपाच्या परींची एकल नृत्ये, जी एरवी गोड पण एकसारखी वाटतात, ती या वेगात परस्परांपासून वेगळी होतात: एकीचे पाय टोचणाऱ्या सुईसारखे, दुसरीचे पाय ठिबकणाऱ्या थेंबांसारखे. रचनाकाराने प्रत्येक परीला वेगळा स्वभाव दिला होता, हे कागदाने सांगितले आणि वेगाने दाखवले.

तिसऱ्या अंकातील लग्नाच्या नृत्यात आज जगभर जी ‘फिश डाइव्ह’ पाहायला मिळते, म्हणजे ऑरोरा गिरकी घेऊन डोके खाली करून राजपुत्राच्या हातांत झेपावते, ती वहीत नाही. ती १९२१च्या लंडन प्रयोगापासूनची समजली जाते. प्रेक्षक तिची वाट पाहतात, टाळ्या तिथेच पडतात. पुनर्रचनेत ती नसली की काहीतरी हुकल्यासारखे वाटते. पण ती काढल्यावर त्या नृत्याचा तोल बदलतो. शाही विवाहाचा शांत, उभा डौल परत येतो, आणि मला तो या अंकाच्या संगीताशी अधिक जुळणारा वाटतो. तरीही ज्या कंपन्या ती ठेवतात त्यांना दोष देता येत नाही, कारण शंभर वर्षांची पावले हीसुद्धा या बॅलेचा इतिहासच आहेत. अट एवढीच असावी की ती कुणाच्या नावावर आहेत हे सांगितले जावे.

विखारेव्ह यांची पुनर्रचना काही काळ चालली, पण मारिइन्स्कीच्या नेहमीच्या प्रयोगांत १९५२ची आवृत्ती पुन्हा रुळली. रात्मान्स्की यांच्या प्रयोगाच्या पत्रिकेवर नृत्यरचना पेतिपाची, आणि मांडणी व अतिरिक्त नृत्यरचना रात्मान्स्की यांची, असा स्पष्ट उल्लेख असतो. जिथे वही गप्प आहे तिथे ती जागा कोणी भरली हे वाचकाला कळते. लंडनच्या रॉयल बॅलेने २००६ मध्ये नव्याने उभ्या केलेल्या प्रयोगाच्या पत्रिकेत अॅश्टन, अँथनी डॉवेल आणि क्रिस्तोफर व्हीलडन यांची अतिरिक्त रचनाकार म्हणून नावे आहेत, आणि मांडणीच्या ओळीत निनेट द व्हालोआ यांच्या शेजारी निकोलाय सर्गेयेव्हचेही नाव आहे. निळ्या फुल्या मारणाऱ्या, संगीत न कळणाऱ्या त्या तालीम मास्तराचे नाव पेतिपाच्या नावाखाली छापलेले पाहून मला बरे वाटते. कोऱ्या रेघांनी भरलेले ते पान त्याने पीटर्सबर्गहून आणले नसते, तर पेतिपाचे पाय कुठे पडत होते हे सांगायला आज आपल्याजवळ फारच थोडे उरले असते.